पिंप्राळ्यातले जहाज तपासणारे आबा

मी जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला गेलो त्या दिवशी आबांनी माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. हातगाडीवरून माझी खाट उतरत होती. ते जिना उतरून खाली आले, सदऱ्याच्या खिशातून एक लहानशी हातोडी काढली आणि खाटेच्या चारही पायांवर एकेकदा ठोकून बघितलं. मागच्या डाव्या पायाशी ते उकिडवे बसले, कान जवळ नेला आणि पुन्हा ठोकलं.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "मग हा पाय जाईल."

एवढं बोलून ते वर निघून गेले. घरमालकाशी झालेलं माझं हे पहिलं बोलणं.

पाय मोडला तेव्हा अडीच वर्षं होऊन गेली होती. मी गंमत म्हणून वर जाऊन सांगितलं, तर आबा हसले नाहीत. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसले. "सहा महिने चुकलो," म्हणाले. "सहा महिने तुम्ही उगाच भीत भीत झोपलात." मी अजिबात भीत झोपलो नव्हतो, पण ते काही त्यांना पटलं नाही.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची वर्षं. मी जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो, एकटाच होतो. खालच्या दोन खोल्या माझ्याकडे होत्या आणि वर आबा नि त्यांची मुलगी. सगळी कॉलनी तिला अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल, मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वरच्या बैठकीत कोनाड्यात बुद्धाची एक पितळी मूर्ती होती आणि तिच्याखाली आबांची हातोडी, पातळ पात्याचा एक चाकू, टॉर्च आणि खडूचा तुकडा, अशी सगळी मांडणी असे.

आबा मूळचे धुळे जिल्ह्यातल्या सोनगीरजवळच्या एका खेड्यातले. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला गेले. वडील गोदीत कामाला होते, पुढे आबाही गोदीत लागले आणि निवृत्त झाल्यावर मुलीची नोकरी इथं म्हणून जळगावला आले. गोदीत काय करत होता, असं कोणी विचारलं तर "तपासायचो" एवढंच सांगत. लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की ते जकातीकडे कारकून असावेत.

खडूचं काम असं, की आबांना ज्यात खोट सापडे त्यावर ते फुली मारत. संशय असेल तिथं गोल काढत. कॉलनीतल्या निम्म्या फाटकांवर, सायकलच्या दुकानातल्या बाकावर, पिठाच्या गिरणीच्या फळ्यांवर त्यांच्या फुल्या होत्या. चांगल्या वस्तूला काय खूण करता, असं मी एकदा विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "चांगलं असेल तर हात कशाला लावायचा?" ते म्हणाले.

रंगाचा त्यांना मनस्वी राग होता. कोणी नवीन रंगवलेलं काही दाखवलं की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "रंग नंतर बघू." एकदा शेजारच्या पाटलांकडे मुलीचं लग्न होतं. मांडव घातला होता, पताका लागल्या होत्या, आणि आबा सकाळी सकाळी एकेका खांबावर ठोकत फिरत होते. पाटलांचे वडील शेतावरून आलेले, अस्सल अहिराणी बोलणारे. ते कावले.

"आबा, आठे लगीन शे. जहाज नही शे."

आबांनी एका खांबावर फुली मारली आणि म्हणाले, "नाना, बठ्ठा मांडव ह्याच खांबावर शे. बदलून टाका." सगळा मांडव त्याच्यावर म्हटल्यावर नाइलाजानं तो खांब बदलला. काढलेला खांब खाली आपटला तर मधोमध दुभंगला. पण त्याबद्दल आबांना कोणी धन्यवाद दिले नाहीत. उलट वरातीत एकानं त्यांना पाहून दुसरीकडे तोंड फिरवलं. लग्नाच्या सकाळी कोणालाही पोकळ खांबाबद्दल ऐकायचं नसतं, एवढी साधी गोष्ट आबांच्या लक्षात येत नसे.

पुढच्या काळातली एक गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती याच सवयीची आहे. त्यांना दम लागायला लागला तेव्हा मी डॉक्टरांना घरी घेऊन आलो. डॉक्टरांनी त्यांना पाठमोरं बसवलं आणि पाठीवर बोटानं ठोकत ठोकत वरून खाली आले. आबा श्वास रोखून ऐकत होते.

"डॉक्टर, डावीकडे खाली. तिथं पुन्हा एकदा."

डॉक्टरांनी पुन्हा ठोकलं. आवाज बसका आला. मलासुद्धा कळला.

"पाणी आहे," आबा म्हणाले.

"आहे थोडं. काळजीचं..."

"रंग लावू नका," आबा म्हणाले. "काढता येईल का तेवढं सांगा."

काढता आलं. त्यानंतर ते दीड वर्ष होते.

अक्काचं लग्न मात्र त्या हातोडीनं मोडलं, असं कॉलनीत बोललं जाई. खरं काय ते मला अक्कानंच सांगितलं. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. धुळ्याचं स्थळ होतं, मुलगा इंजिनिअर, घरची मंडळी शिकलेली. बघण्याचा कार्यक्रम त्यांच्याच घरी ठेवलेला. पोहे झाले, चहा झाला, आणि बघतात तर आबा जागेवर नाहीत. शोधत गेले तर ते मागच्या दारी गुडघ्यांवर बसलेले, चौकटीत चाकू मुठीपर्यंत घुसवलेला. "वाळवी आहे," त्यांनी मुलाच्या वडिलांना सांगितलं. "हे घर फार दिवस राहणार नाही." वडील म्हणाले, "आम्ही सून बघतोय, घर विकायला नाही काढलं." तिथंच ते संपलं. पुढं जी दोन-तीन स्थळं आली त्यांच्या कानावर हे आधीच गेलेलं होतं.

हे सांगताना अक्का खूप हसली. मीही हसलो. मग ती उठून कपबशा विसळायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

आता नावेचं सांगतो.

कॉलेजात शिकत असताना मी दहा दिवसांच्या एका शिबिरासाठी कोकणात गेलो होतो. तिथं आम्हाला शिडाची लहान नाव चालवायला शिकवली. मला खेळ कुठलाच धड येत नव्हता, सायकलसुद्धा मी उशिरा शिकलो. पण शिडाची दोरी हातात आली आणि वारा कुठून येतोय ते मला गालावर कळायला लागलं. शिकवणारा म्हणाला, याला सांगावं लागत नाही. आयुष्यात मला असं कोणी पहिल्यांदाच म्हणत होतं. ते दहा दिवस माझ्या डोक्यातून कधी गेले नाहीत. नोकरी लागली, चार पैसे साठले, आणि मेहरूणच्या तलावावर संध्याकाळी फिरायला गेलो की मला त्या पाण्यावर शीड दिसायला लागलं.

कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी पेपरात जाहिरात दिसली. सुरतेच्या खाली, खाडीकाठच्या एका गावात, सोळा फुटी लाकडी शिडाची नाव, वापरलेली, विकणे आहे. मी पत्र टाकलं. उलट टपाली फोटो आला. पांढरी शुभ्र नाव, काठाला निळी रेघ, चकचकीत डोलकाठी. तो फोटो मी फिजिक्सच्या पुस्तकात घालून वर्गात घेऊन जायचो.

एवढी अक्कल मात्र होती, की जुनी नाव जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये. मुंबईच्या चार सर्व्हेअर मंडळींना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली. एकानं लिहिलं होतं, एवढी लहान नाव आम्ही तपासत नाही. दुसऱ्यानं लिहिलं, आमचा जाण्यायेण्याचा खर्च नावेपेक्षा जास्त होईल, तरी आपण आपल्या भागातला एखादा मरीन सर्व्हेअर गाठावा. आपला भाग म्हणजे जळगाव. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं सर्व्हे हा शब्द ऐकून मला जमीन मोजणीच्या कचेरीत पाठवलं. तिथल्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नावेचा गट नंबर काय?"

ती दोन्ही पत्रं घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. अक्का शाळेतून आली. काय झालं म्हणून विचारलं, तर मी पत्रं तिच्या हातात दिली. तिनं उभ्या उभ्या वाचली.

"सर, तुम्हाला जहाज तपासणारा माणूस हवाय?"

"हो. पण इथं कुठं..."

"तो वर भाकरी खातोय," अक्का म्हणाली.

मी वर गेलो. आबांनी हात धुतले, फोटो घेतला, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. आधी एका सर्व्हेअरच्या हाताखाली टॉर्च धरून, मग रात्रशाळा करून, परीक्षा देऊन स्वतः. गलबतं, मचवे, मासेमारीच्या बोटी. तीन वर्षं मी त्यांच्या पायाखालच्या खोल्यांत राहत होतो आणि मला पत्ता नव्हता.

"रंग नवा आहे," ते म्हणाले. फोटो परत दिला. "मी येतो. पण नाव पाण्याबाहेर काढून ठेवायला सांगा. मी कोण ते मालकाला सांगायचं नाही. तिच्यासमोर उभं राहून तुम्ही एकही कौतुकाचा शब्द बोलायचा नाही. आणि मी नाही म्हटलं तर घ्यायची नाही. हे आधी कबूल करा."

पहिल्या तीन गोष्टी मी लगेच कबूल केल्या. चौथीला वेळ लागला. आबा थांबून राहिले. शेवटी मी हो म्हटलं.

सकाळच्या गाडीनं अमळनेर, नंदुरबार करत आम्ही सुरतेकडे गेलो. तिथून एसटीसारख्याच एका खडखडणाऱ्या बसनं त्या गावात. मालक गोड माणूस होता. त्यानं आंब्याखाली खुर्च्या मांडल्या होत्या, सरबत आणलं होतं. नाव दोन ओंडक्यांवर बाहेर काढून ठेवली होती. फोटोतल्यापेक्षा देखणी होती. मी बोलायचं नाही असं ठरलं होतं म्हणून नुसता तिच्या काठावरून हात फिरवला.

आबांनी जुनी चादर अंथरली आणि नावेखाली आडवे झाले. टोकापासून ठोकत निघाले. टक, टक, टक. मालक सुरुवातीला हसत होता, मग हसायचा थांबला. तासाभरानं आबा बाहेर आले, पाणी प्यायले, नावेत चढले आणि आतून सुरुवात केली. नावेच्या मधोमध पाण्यात खाली सोडायची एक फळी असते, ती वर ओढून घेतली की एका उभ्या पेटीत बसते. त्या पेटीच्या तळाशी आबांची हातोडी थांबली. त्यांनी चाकू काढला. फार जोर लावलेला दिसला नाही, पण पातं आत गेलं.

"पावसाचं पाणी," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यानं लाकूड कुजत नाही. गोडं पाणी साचून राहतं ते खातं. झाकण न घालता चार पावसाळे उघडी ठेवलीय हिला." ते माझ्याकडे वळले. "नाही."

मालकाचा चेहरा उतरला. "आप कौन हैं?" त्यानं विचारलं. आबांनी उत्तर दिलं नाही, चादर झटकून घडी घातली. मी मालकाकडे बघू शकत नव्हतो आणि आबांकडे बघायची इच्छा नव्हती. मी तिथून निघालो आणि खाडीच्या काठाकाठानं चालत सुटलो. शब्द दिला नसता तर मी ती नाव त्याच दिवशी घेतली असती.

एका पालथ्या होडीवर मी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं आबा आले, शेजारी बसले. ओहोटी लागली होती, चिखल उघडा पडत होता.

"तुम्हाला राग आलाय," ते म्हणाले.

मी होडीवरचं सुकलेलं डांबर नखानं खरवडत राहिलो.

"एका कोळ्याची बोट होती," आबा म्हणाले. "बापाच्या वेळची. विम्यासाठी तपासायची होती. मी तपासली आणि नाही लिहिलं. माझ्या कागदावर त्याचं सगळं अडकलं. त्यानं बोट विकली आणि गोदीत हमालीला लागला. माझ्याच गोदीत. रोज दिसायचा, रोज नमस्कार करायचा."

"मग?"

"ज्यानं विकत घेतली त्यानं ती बोट सहा वर्षं चालवली. ह्या पावसाळ्यात जाईल, त्या पावसाळ्यात जाईल, म्हणून मी धक्क्यावर जाऊन बघायचो. नाही गेली. एकदाही पाणी घेतलं नाही तिनं." ते चिखलाकडे बघत होते. "बुडालेली बोट सगळ्यांना दिसते, सर. उगाच नाकारलेली कोणाला दिसत नाही. आमच्या धंद्यात तिची चौकशी होत नाही."

मी विचारलं, "मग आजही चुकला असाल तर?"

विचारल्यावर मला वाईट वाटलं, पण आबांना लागलेलं दिसलं नाही. त्यांनी खरंच विचार केला.

"आज चाकू दोन बोटं आत गेला. तेवढं मला माहीत आहे. ती अजून किती चालली असती ते माहीत नाही. ते मला कधीच माहीत नव्हतं. पण मी लिहायचो मात्र माहीत असल्यासारखं."

लांबून, खाडीच्या वळणापलीकडून लाकडावर ठोकल्याचा आवाज येत होता. आबांनी मान वळवली. थोडा वेळ ऐकलं आणि उठले. "चला," म्हणाले.

वळणापलीकडे एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नावा बांधायचं आवार होतं. ताडपत्र्यांचं छप्पर, खाली दोन अर्धवट होड्या, चार-पाच कारागीर. मला वाटलं आबा जाऊन बोलतील. ते नाही बोलले. कोपऱ्यात टाकून दिलेल्या लाकडांचा ढीग होता, तिथं जाऊन एकेक तुकडा उचलून बघत राहिले. मी विचारलं तर हळूच म्हणाले, "मिस्त्री बांधतो काय ते सगळेच बघतात. टाकतो काय ते बघावं. ह्या माणसानं गाठ असलेली एकही फळी वापरलेली नाही."

मग ते मिस्त्रींपाशी गेले. मिस्त्री गुजरातीत बोलत होते, आबा खानदेशीत. दोघांना काही अडलं नाही. एक लोखंडी पट्टी घेऊन मिस्त्री दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाचा पीळ ठोकून बसवत होते. आबांनी तो पीळ चिमटीत घेऊन बघितला आणि विचारलं, कापूस कुठला. मिस्त्री म्हणाले, व्यापारी सांगतो शिरपूरकडचा. शिरपूर सोनगीरहून फार लांब नाही. आबा माझ्याकडे बघून पहिल्यांदा जरासे हसले.

मिस्त्री आमच्याबरोबर मालकाच्या घरी आले. नावेत चढले, आबांनी दाखवलेल्या जागी त्यांनीही ठोकलं, दोन बोटांनी लाकूड कुरतडलं. "आ नीकळी जशे," म्हणाले. हे निघेल. पेटी काढायची, तळाच्या लाकडाचा हातभर तुकडा कापायचा, त्या जागी नवा साग बसवायचा. बाकी नाव चांगली आहे.

मी आबांकडे पाहिलं. ते नावेखाली वाकून त्या हातभर जागेकडे बघत होते.

"चाळीस वर्षं मी चाकू काढून घेतला आणि घरी गेलो," ते म्हणाले. "पुढं काय होऊ शकतं ते बघायला कधी थांबलो नाही." मग मालकाला म्हणाले, "दुरुस्तीचा खर्च धरून भाव सांगा. सर घेतील."

मालकानं भाव उतरवला, नाव ओढत मिस्त्रींच्या आवारात नेली. मला सोमवारी कॉलेज होतं, म्हणून मी परत निघालो. आबा आलेच नाहीत. मिस्त्रींच्या आवारात एक बाज मिळाली, तेवढ्यावर ते तिथंच राहिले.

दोन आठवडे झाले तरी त्यांचा पत्ता नव्हता, फक्त एक पोस्टकार्ड. त्यावर एवढंच लिहिलेलं, "साग आला. वाळलेला आहे." अक्का काळजीत होती, त्यांची रक्तदाबाची औषधं संपत आली होती. शनिवारी शाळा सुटल्यावर ती आणि मी निघालो आणि रविवारी सकाळी तिथं पोचलो.

आबा नावेच्या पोटाशी बसले होते, मिस्त्रींना कापूस वळून देत. दाढी वाढलेली, सदऱ्याला डांबर लागलेलं. अक्कानं डबा उघडला, कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला होता. ती त्यांच्यासमोर बसली. मी थोडा बाजूला होतो, पण ऐकू येत होतं.

आबांनी दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"दिवाळी झाली की मी सोनगीरला जातो म्हणून सांगतो ना तुला," ते म्हणाले.

"हो."

"सोनगीरला नाही जात. म्हणजे जातो, पण आधी धुळ्याला उतरतो. ते घर बघायला."

अक्कानं डब्यातून स्वतःसाठी भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

"उभं आहे. सात वर्षं झाली. मागच्या गल्लीतून चौकट दिसते. तीच आहे, रंग दिलाय. वाळवी खरी होती, पण त्यांनी काहीतरी केलं असणार. मी हे आधी सांगायला हवं होतं."

मिस्त्रींचं ठोकणं चालूच होतं. अक्का भाकरीचा तुकडा हातात घेऊन बसली होती.

"मला तो मुलगा आवडला होता, आबा," ती म्हणाली.

आबांनी वर पाहिलं. "हे तू तेव्हा बोलली असतीस..."

"तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही चौकट बघत होतात."

तिचा आवाज चढलेला नव्हता. आबा मान खाली घालून बसले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नाही, तेव्हाही रडले नाहीत. पण त्यांना पुढचा घास घेता येईना. थोड्या वेळानं अक्कानंच तुकडा मोडून ठेच्याला लावला आणि त्यांच्या हातात दिला. "खा," म्हणाली. "औषध घ्यायचंय." मग ती उठली, कापसाच्या पोत्यापाशी गेली, आणि मिस्त्रींना खुणेनंच विचारलं, हे कसं वळायचं. त्या दिवशी दुपारपर्यंत तिघं मिळून फटी भरत होते. मला कोणी काही काम दिलं नाही.

नाव जळगावला आली ती केळीच्या ट्रकमधून. सुरतेकडे केळी उतरवून रिकामा परतणारा ट्रक होता, तळाशी केळीच्या वाळक्या पानांची गादी, त्यावर नाव, आणि नावेत आबा, उन्हासाठी डोक्याला पंचा गुंडाळून. ट्रक पिंप्राळ्याच्या गल्लीत शिरला तेव्हा सगळी कॉलनी बाहेर आली. पाटलांचे वडील काठी टेकत आले, नावेला एक चक्कर मारली.

"आबा, बठ्ठं गाव म्हणस जहाज उनं. ठोकीसन देखं का?"

"देखं, नाना."

"मंग?"

सगळे थांबले होते. आबांनी नावेच्या काठावर हात ठेवला. "चांगली आहे," ते म्हणाले. एवढं साधं वाक्य, पण मी त्यांच्या तोंडून ते पहिल्यांदा ऐकत होतो. अक्का जिन्यावर उभी होती, ती आत निघून गेली.

रीतसर परवानगी काढण्यात महिना गेला. मग एका रविवारी सकाळी आम्ही मेहरूणच्या तलावावर नाव पाण्यात सोडली. आबांनी तळाशी हात घालून पाहिला. कोरडा होता. वारा बेताचा होता, पश्चिमेकडून. मी डोलकाठी उभी केली, शीड बांधलं. अक्का पाय भिजवत येऊन पुढच्या बाजूला बसली. तिला पोहता येत नव्हतं, पण नाव उलटली तर काय, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. आबा काठावर उभे होते, धोतर वर खोचून.

"आबा, या," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मी इथूनच बघतो."

"तुम्ही तर जन्म काढला बोटींत."

"बोटींखाली," आबा म्हणाले. ते पाण्याकडे बघत होते. "माझ्याकडे यायच्या त्या पाण्याबाहेर काढलेल्या. तपासायचो, कागद द्यायचो, पाण्यात जायच्या तेव्हा मी दुसरीखाली असायचो. शीड लावलेल्या नावेत मी कधी बसलो नाही, सर. कोणी म्हटलंच नाही, बस म्हणून."

अक्का उठली, नाव हेलकावली, ती काठ धरून त्यांच्या बाजूला आली आणि हात पुढं केला. आबांनी आधी चष्मा खिशात ठेवला. मग एक पाय आत टाकला, दुसरा टाकताना तोल गेला, तिनं त्यांना दंडाला धरून मधल्या फळीवर बसवलं. ते पाठ ताठ ठेवून बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

मी दोरी ओढली. शीड फडफडलं आणि भरलं. नाव एका बाजूला कलली, आबांनी पटकन अक्काचं मनगट धरलं. काठावरची माणसं लहान होत गेली. नावेच्या बुडाशी पाण्याचा बारीक आवाज सुरू झाला, शिडाची नाव चालायला लागली की जो येतो तो. आबांची मान जरा तिरकी झाली होती. ते ऐकत होते.

तलावाच्या मध्यावर आल्यावर मी विचारलं, "भीती वाटतेय का? वळवू?"

अक्काचं मनगट अजून धरलेलंच होतं.

"नको," आबा म्हणाले. "जाऊ द्या अशीच थोडी."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी सुकाणू तसंच धरून ठेवलं आणि दोरी आणखी थोडी ओढून घेतली.